जावई दोन, खोकी दोन

माझ्या साडूचं सगळंच मोठं. सांगलीत विश्रामबागेकडं घर मोठं, घरातला हॉल मोठा, पंपांच्या एजन्सीवरची पाटी मोठी. आवाज तर इतका मोठा की फोनवर बोलताना त्याला फोनची गरज काय, असं मला वाटायचं. त्याची बायको थोरली बहीण, माझी धाकटी. एवढ्या एका नात्यानं हा माणूस माझ्या राशीला लागला होता. एरवी मी त्याला ओळखलंही नसतं आणि सुखात राहिलो असतो.

मी सातारला सरकारी ऑफिसात नकाशे काढायचो. शनिवार पेठेत एका घराच्या माडीवर आमची एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. खोलीत पलंग, टेबल आणि पुस्तकांचं रॅक. त्यापुढं माणसांनी वळायचं म्हणजे एकानं आधी पलंगावर बसायचं. भिंत इतकी पातळ की पलीकडच्या काकू शिंकल्या तर आमच्याकडं चहा हिंदकळायचा. तरी ती खोली मला आवडायची. साडूचा हॉल बघेपर्यंत आवडायची, असं म्हणतो.

झालं असं की साडूनं स्टिरिओ घेतला. दोन बॉक्स, माझ्या कमरेला लागतील एवढे, हॉलच्या दोन कोपऱ्यांत उभे. आम्ही दोघं सांगलीला गेलो तेव्हा त्यानं मला मधल्या कोचावर बसवलं, रेकॉर्ड लावली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

“पोटात वाजतंय की नाही?”

वाजत होतं. बरोबर पोटातच वाजत होतं.

“बरं आहे,” मी म्हणालो.

“बरं आहे?” त्यानं मांडीवर थाप मारली. “अहो साडूसाहेब, अख्ख्या सांगलीत असं दोन-चार जणांकडं असेल. तुम्हालाही घ्या म्हटलं असतं, पण तुमची खोली लहान. तुमच्या खोलीला आपला ट्रान्झिस्टर बरा.”

खोली लहान! माझ्या घरी येऊन, माझ्या पलंगावर बसून, माझ्या बायकोच्या हातचे पोहे खाऊन या माणसानं तेवढंच मोजलं होतं.

तेही मी गिळलं असतं. माणूस फुशारकी मारतो, मारू दे. पण खरा काटा पुढंच होता. परतताना एस.टी.त माझी बायको ओठ मिटून गुणगुणत होती. साडूच्या रेकॉर्डवरचंच गाणं. सातारा आलं, स्टँडपासून आम्ही चालत निघालो, पेठेत शिरलो, तरी तिचं चालूच. जिन्याची पहिली पायरी चढली आणि थांबली. खोलीत आल्यावर बॅग ठेवली, पदर खोचला, स्टोव्ह पेटवला. गाणं गेलं ते गेलंच.

पुढं मी लक्ष ठेवायला लागलो. दर वेळी तेच. सांगलीहून येताना बाईसाहेब खुशीत, जिना लागला की गप्प. दोन-दोन महिन्यांनी ती बहिणीकडं जाऊन चार दिवस राहायची आणि तोंडावर वेगळाच तजेला घेऊन यायची. तो तजेला माझ्या घरात दोन दिवसांत उतरायचा. मी तिला लग्न करून आणलं, खोलीला रंग दिला, खिडकीला पडदा लावला, पण तिचं गाणं मात्र दुसऱ्याच्या घरी राहायला. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला ती गुणगुण माझ्या खोलीत हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची नागपूरला बदली झाली आणि त्यानं रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर मागं सोडला. तो मी घेतला. त्याचे स्पीकर मात्र आधीच कुणीतरी उचलले होते. म्हणजे माझ्याकडं गाणारं पोट आलं, तोंड नव्हतं. आता पाहिजे होती ती नुसती खोकी, दोन. त्या खोक्यांना स्वतःची वीज नसते. अ‍ॅम्प्लिफायर तारेतून जे पाठवील ते मुकाट बोलून दाखवायचं, एवढंच काम. असली खोकी लहान मिळतात, पुस्तकांच्या रॅकवर बसणारी, असं त्या सहकाऱ्यानंच सांगितलं होतं.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असं केलं. खोलीचा नकाशा काढला. पलंग कुठं, खिडकी कुठं, दार कुठल्या बाजूला उघडतं, रॅकची फळी किती खोल, सगळं. बायको सतरंजीवर भाजी निवडत बसायची ती जागा मी पेन्सिलीनं ठिपका देऊन दाखवली. त्या ठिपक्यापासून दोन्ही खोकी सारखी लांब पाहिजेत आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला पाहिजेत. वरच्या फळीवर ठेवली तर आवाज डोक्यावरून जाईल, जमिनीवर ठेवली तर पलंगाखाली घुसेल. मधली फळी बरोबर होती. मी मधल्या फळीवरच्या कादंबऱ्या हलवून तिथं दोन बाजूंना जागा केली आणि बायकोला म्हटलं, “इथं काय येणार आहे ओळख.”

“औषधाच्या बाटल्या?” ती म्हणाली.

स्पीकर चांगले मिळायचे सांगलीत. सांगलीत गेलं की साडू आलाच. मी कळवलं नव्हतं, पण माझ्या बायकोनं बहिणीला आणि बहिणीनं त्याला. दुकानात माझ्याआधी हजर! मालकाच्या खुर्चीशेजारी बसून चहा पीत होता.

“या, या! साडूसाहेब बॉक्स घ्यायला आलेत,” त्यानं दुकानभर सांगितलं. “काही तरी छोटं दाखवा. ह्यांची खोली लहान आहे.”

दुकानदार म्हातारा होता, मिरजेच्या पलीकडचा, बोलताना मध्येच कानडी हेल निघायचा. त्यानं तीन जोड्या काढल्या आणि एकच रेकॉर्ड तिन्हींवर लावून दाखवली. स्टिरिओची तेव्हा नवलाई होती. त्या नवलाईच्या भरात रेकॉर्डवाले सगळा साज एका बाजूला टाकायचे आणि गाणाऱ्याचा गळा दुसऱ्या बाजूला. डावीकडून सतार, तबला, बासरी. उजवीकडून बाई. दोन्ही तुमच्यापर्यंत येऊन मिळायचं आणि तिथं गाणं व्हायचं.

पहिली जोडी मोठी. साडूनं एक बॉक्स दोन्ही हातांनी उचलून पाहिला. “वजन बघा! मालात दम आहे.” दुकानात ती दणदणीत वाजली. पण दुकानाची एक बाजू रस्त्याला उघडी, आवाज बाहेर जायला मोकळा. माझ्या खोलीत तोच दणका चार भिंतींत कोंडला असता आणि काकूंची भांडी पडली असती. मी नको म्हटलं. दुसरी जोडी आकारानं बरी, पण तिच्या पाठीला हवेसाठी भोक. माझं रॅक भिंतीला टेकलेलं. ते भोक भिंतीत तोंड खुपसून बसणार आणि तबला पिंपात वाजल्यासारखा येणार. तीही नको. तिसरी जोडी पाठीनं बंद, पुढं साधं तपकिरी कापड, शाळेच्या पाटीपेक्षा थोडी उंच. मी दुकानदाराला ती फळीवर ठेवायला लावली, स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि डोळे मिटून ऐकलं. बाई माझ्या उजव्या हाताला बसली होती. श्वास घेतलेला कळत होता. पोटात काही वाजलं नाही, पण गळा असा स्वच्छ की मला माझा पेन्सिलीचा ठिपका आठवला.

“हीच,” मी म्हणालो.

“ही?” साडूनं ते खोकं एका हातात तोलून बघितलं. “अहो, हे तर लोणच्याच्या बरणीएवढं आहे!”

“माझी खोली लहान आहे ना?” मी म्हणालो. तो खदखदून हसला. मला वाटलं होतं त्याला लागेल.

मी जोडी बाजूला काढून ठेवायला सांगितली. पुढच्या महिन्यात येऊन न्यायची असं ठरलं. परतताना उंब्रजला सासुरवाडीत उतरलो आणि तिथं माझ्या तोंडातून ते निघालं. निघायला नको होतं. आमचे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. आता ऊस बघायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“पाव्हणं, म्हैना कंचा लागतोय?”

“श्रावण.”

“कंचा श्रावण?”

अधिक. त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याचा महिना. आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे देव. त्याला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालायचे, ओवाळायचं, वाण द्यायचं.

“धोंड्याच्या म्हैन्यात जावई सोताच्या पैशानं वस्तू आणनार? गावात माझं नाक ठिवायचं हाय का न्हाई? दुकान कुटलं तेवडं सांगा. तुमी निवडलंय, आमी आनतो.”

मी नाही म्हटलं. म्हणजे जावई जितपत नाही म्हणतो तितपत म्हटलं. मनातून मला उकळ्या फुटत होत्या. साडूला मामांनी असली वस्तू कधी दिलेली नव्हती. त्याला काय, एखादा टॉवेल-टोपी. मी सातारला येऊन मधली फळी पुन्हा एकदा पुसली.

धोंडे खायला आम्ही दोघं जावई उंब्रजच्या सोप्यात शेजारी शेजारी पाटावर बसलो. दोघी बहिणी आत. सासूबाईंनी ओवाळलं, कुंकू लावलं. मग मामा आतून आले. दोन्ही हातांत नव्या टॉवेलात गुंडाळलेलं एकेक गाठोडं. एक त्यांनी थोरल्या जावयाच्या मांडीवर ठेवलं. एक माझ्या.

मी गाठ सोडली. आत एक खोकं. मी खाली बघितलं, मागं बघितलं. आणखी काही नव्हतं. मान वळवली तर साडूच्या मांडीवर दुसरं.

“मामा,” मी हळूच म्हणालो, “हे दोन्ही एकाच ठिकाणी असतात.”

“म्हंजे?”

“म्हणजे जोडी आहे ही. एकाला दुसरं लागतं. बैलांसारखं.”

मामांनी माझ्याकडं असं बघितलं जणू मी रेशन जास्त मागतोय. “बैलास्नी वर जू असतं, पाव्हणं. ह्येला कुटं हाय जू? दोन तारा येगळ्या, दोन खोकी येगळी. मी दुकानदाराला इचारलंय. जावई दोन, खोकी दोन. एकाला दिऊन दुसऱ्याला रिकामा पाठवू? जल्मात आसलं केलं न्हाई मी.”

सगळं घर माझ्याकडं बघत होतं. मी साडूकडं बघितलं. हाच काय तो माझा आधार होता. याच्या घरी कमरेएवढे दोन उभे होते. याला या लोणच्याच्या बरणीचं काय करायचं होतं? एक शब्द बोलला असता, ‘मामा, माझंही ह्यांनाच द्या,’ तर माझी जोडी झाली असती. तो ते खोकं उलटंसुलटं करून बघत होता.

“झ्याक आहे, मामा,” तो म्हणाला. “मान आहे आमचा.” आणि त्यानं धोंड्यावर तुपाची धार धरायला सांगितली.

मी धोंडा पानातच ठेवला. एस.टी.त मी ते खोकं मांडीवर घेऊन बसलो आणि सातारा येईपर्यंत बायकोशी बोललो नाही. असेल नसेल ते सगळं त्या माणसाकडंच जायचं. हॉल त्याचा, बॉक्स त्याचे, बायकोचं गाणं त्याच्या घरी, आणि आता माझ्या जोडीतला एक तोही त्याचाच! मला तेव्हा कुणी विचारलं असतं की तुझा वैरी कोण, तर मी घराच्या खुणेसकट सांगितलं असतं.

“मागून घेऊ या ना नंतर,” बायको म्हणाली.

“धोंड्याची वस्तू मागतात?” मी खेकसलो. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

मी तो एकटा स्पीकर मधल्या फळीवर डाव्या बाजूला मांडला आणि डाव्या तारेला जोडला. तीच रेकॉर्ड मी मुद्दाम विकत आणली होती. सतार आली, तबला आला, बासरी आली. बाईचा पत्ता नाही. नीट कान दिला तर कुठं तरी लांब, चार घरं सोडून कुणी गातंय असा भास. मग उजव्या तारेला जोडून बघितलं. आता बाई आली, पण एकटी, साज नाही, ताल नाही. दोन्ही तारा एकत्र पिळल्या तर अ‍ॅम्प्लिफायर जळेल असं सहकाऱ्यानं बजावलं होतं. मी कपाळाला हात लावून पलंगावर बसलो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “डावीकडंच राहू दे की,” ती म्हणाली. “ते चांगलं वाटत होतं.”

“काय चांगलं? गाणं कुठं आहे त्यात?”

“असू दे. मला आवडलं.”

ती माझी समजूत घालतेय, असंच मी धरून चाललो. त्यानं माझा राग आणखीच वाढला. मी पुन्हा डाव्या तारेला जोडलं आणि नंतर त्याला हात लावला नाही. ऑफिसातून आलो की ते खोकं आणि फळीच्या दुसऱ्या टोकाची रिकामी जागा, दोन्ही डोळ्यांत खुपायची. त्या रिकाम्या जागेत मी काहीही ठेवू दिलं नाही. बायकोनं एकदा तिथं फणी-आरसा ठेवला तर मी तो उचलून टेबलावर आपटला. आरसा फुटला नाही, हे तिचं नशीब आणि माझंही.

शेवटी मला राहवेना. ऑफिसच्या कामानं सांगलीला जायचं निघालं आणि मी मनाशी ठरवलं की आज ते खोकं घेऊनच यायचं. मागायचं नाही, पण घ्यायचं. म्हणजे, बोलण्यातून असं काही काढायचं की साडूनं आपणहून द्यावं. रस्ताभर मी वाक्यं जुळवली. ‘तुमच्याकडं नुसतं पडूनच असेल नाही का ते?’ हे वाक्य मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

साडू एजन्सीत होता. घरी मेव्हणी एकटी. माझ्याहून मोठी म्हणून मी तिला आक्का म्हणायचो. हॉलमध्ये दोन्ही पहाड शांत उभे होते. लहान खोकं कुठंच दिसेना. आक्कानं मला आत स्वयंपाकघरातच बोलावलं, पाट दिला आणि भाकरी थापायला बसली. आणि मला ते दिसलं. वरच्या फळीवर, दोन लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये. हॉलमधून भिंतीवरून खिळे मारत आणलेली तार त्याला लागली होती. पुढच्या तपकिरी कापडावर पिठाची बोटं.

“ह्यांच्याकडनं भांडून घेतलं,” आक्का म्हणाली. “वडलांनी जावयाला दिलं, पर मला पायजे म्हनलं. आवं पाव्हणं, ह्या घरात एवडं वाजतंय, पर मला कवा ऐकू आलं? हॉलात ह्यांची दोस्तमंडळी. मी हितं. भित्तीतनं नुसतं धाडधाड यायचं. आता बगा, बाईचा गळा तरी येतोय. साज न्हाई येत. न्हाई तर न्हाई.”

माझं जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. पण मला एक कळेना.

“मग आमची ही इथं येते तेव्हा गाणी कुठं ऐकते? हॉलमध्ये?”

“हॉलात? ती कशाला जाती तिकडं? हितंच असतीया माझ्याजवळ.” आक्कानं भाकरी तव्यावर टाकली. “ऐकत न्हाई ती. गाती.”

“कोण गाते?”

“तुमची बायकू! दुसरं कोन? भित्तीतनं ह्ये धाडधाड सुरू झालं की ती हितनं पुरं गानं म्हंती. लगीन हुयाच्या आदी आख्खं उंब्रज थांबून ऐकायचं. मी भाकरी थापायची थांबती बगा ती गायला लागली की.” तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा हात खरंच थांबला. “तुमच्या म्होरं न्हाई गात?”

“गाते की,” मी म्हणालो.

“न्हाई गात,” आक्का म्हणाली. “मला म्हनली हुती ती. खोली ल्हान हाय, भित्तीपलीकडं ऐकू जातंय, लाज वाटती. म्हनून तर हितं पळून येती.”

मी भाकरी खाल्ली की नाही ते मला आठवत नाही. त्या स्वयंपाकघरातली एकेक वस्तू मला दिसत होती. या बरण्यांनी ऐकलं होतं. या तव्यानं ऐकलं होतं. सांडशीनं, पाटा-वरवंट्यानं, दारातून आत-बाहेर करणाऱ्या त्या मांजरानं ऐकलं होतं. फक्त मी, तिच्याशी लग्न केलेला, मी तेवढं ऐकलं नव्हतं. आजवर मी नको त्या माणसावर जळत होतो. साडू बिचारा कुणीच नव्हता. त्याला तर माहीतसुद्धा नसावं. मी त्याचा हेवा तिथल्या तिथं सोडला आणि भाकरी थापणाऱ्या आक्काचा धरला. तो जास्त कडक होता.

खोकं मी मागितलं नाही. उचलायचं म्हटलं तर त्यावर आक्काच्या पिठाची बोटं होती.

काम लवकर आटपलं होतं. मी ठरल्यापेक्षा आधीची एस.टी. धरली आणि दिवसाउजेडीच सातारला पोचलो. जिन्यापाशी आलो तर वरून गाणं येत होतं. सतार, तबला, बासरी, आणि बाई. सगळं. पुरं. क्षणभर मला वाटलं की माझ्याआधी साडूच स्पीकर आणून बसवून गेला. मग बाईनं एक ओळ घेतली आणि ती रेकॉर्डवरच्या बाईसारखी घेतली नाही. थोडी उशिरा घेतली, थोडी लाडात, उंब्रजच्या हेलानं.

मी पायरीवरच बसलो. डावीकडंच राहू दे, ती म्हणाली होती. साज राहू दे, बाई नको. माझ्या मठ्ठ डोक्यात ते तेव्हा शिरलं नव्हतं. खोक्यातून साज यायचा आणि गळा तिचा. भिंतीपलीकडं ऐकू गेलं तरी बिघडलं काय? रेकॉर्ड लागलीय!

तेवढ्यात शेजारच्या काकू त्यांच्या दारात आल्या. मला पायरीवर बसलेला बघून त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

“ऐकताय? रोज दुपारी लावते हो ती,” काकू म्हणाल्या. “काय गोड गाते तुमच्या रेकॉर्डवरची बाई! डबा छोटा आहे पण आवाज किती खरा. अगदी माणूस शेजारी बसल्यासारखा.”

“हो,” मी म्हणालो. “निवडून घेतलाय.”

म्हणजे काकूंनीही ऐकलं होतं. रोज दुपारी! माझ्या ऑफिसच्या वेळेत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मी गाणं संपेपर्यंत हललो नाही आणि संपल्यावर मुद्दाम पाय आपटत जिना चढलो. दार उघडलं तेव्हा ती त्या ठिपक्याच्या जागी सतरंजीवर बसून गवार मोडत होती, तोंड मिटून.

“मिळाला का?” तिनं विचारलं. मी कशासाठी गेलो होतो ते तिनं न सांगता ओळखलं होतं.

“नाही मिळाला.”

“बरं,” ती म्हणाली आणि खाली बघून गवार मोडत राहिली. नाही मिळाला म्हटल्यावर तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

दिवाळीत साडू आला. जिना दणाणवत आला, पलंगावर बसला, पलंग कुरकुरला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी होतं. ते त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. मला सोडून बघायची गरज नव्हती.

“घ्या, साडूसाहेब. करा तुमची जोडी पुरी,” तो म्हणाला. “आमच्या हिला स्वयंपाकघरात चांगला मोठा बसवून दिला. हा उगीच पडून राहणार. अहो, तुमचा जीव अडकलाय त्यात, मला काय कळत नव्हतं? पण मामांच्या समोर पाटावर बसून कसं म्हणणार, मला नको? म्हातारा जन्मभर तोंड बघणार नाही. म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्यावेत.”

आणि तो हसला. चांगला हसला. इतकी वर्षं ज्याच्या नावानं मी बोटं मोडली तो माणूस स्वतः सांगलीहून एस.टी.नं ते खोकं काखेत मारून आला होता. त्याच्या काखेपाशी शर्टाला घाम आला होता. समोर मधल्या फळीवर उजवीकडची जागा रिकामी होती, पुसलेली. नुसतं उठून तिथं ठेवायचं होतं.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिनं माझ्या मांडीवरचं पुडकं बघितलं. ट्रेमधल्या कपबशा वाजल्या.

मी ते पुडकं उचललं आणि परत त्याच्या मांडीवर ठेवलं.

“नको,” मी म्हणालो.

“नको म्हणजे?”

“धोंड्याची वस्तू आहे. मामांनी तुम्हाला दिलेली. ती मी कशी घेऊ? उद्या मामांना कळलं तर काय वाटेल त्यांना?”

साडूनं आ वासला. “अहो, पण एकानं वाजतं का कुठं? जोडी आहे ना ही? तुम्हीच तर म्हणाला होता, बैलांसारखं.”

“जू कुठं आहे त्याला?” मी म्हणालो.

त्यानं चहा प्यायला, चिवडा खाल्ला, दोनदा मान हलवली आणि पुडकं काखेत मारून निघाला. जिन्यावरून उतरताना तो काकूंना काही तरी सांगत होता, बहुतेक माझ्याच डोक्याबद्दल. पेठेतून त्याचा आवाज बराच लांबपर्यंत ऐकू आला.

मग खोलीत आम्ही दोघंच. ती कपबशा गोळा करत होती.

“का परत दिला?” तिनं माझ्याकडं न बघता विचारलं. “एवढा हवा होता तुम्हाला.”

“खोली लहान आहे,” मी म्हणालो. “एकच पुरतो.”

ती उभीच राहिली. मला कळलं की तिला कळलंय. ट्रे टेबलावर ठेवून ती रॅकपाशी गेली, रेकॉर्ड काढली, पदरानं पुसली आणि लावली. डावीकडून सतार आली. मग तबला. मी पलंगावर होतो, हालचाल केली नाही. ती तशीच, माझ्याकडं पाठ करून, फळीवरच्या त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून उभी होती. बाईची जागा आली तशी ती गायला लागली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकूंनी मला थांबवलं. रेकॉर्डवरच्या त्या बाईचं नाव काय, त्यांच्या भाचीला हवं होतं. कव्हर हरवलंय, मी म्हणालो. नंतरही त्यांनी बऱ्याचदा विचारलं. मी काही सांगितलं नाही. सांगू कशाला?